काठोकाठ प्याला

१

कोझाबेक आजोबा भिंतीकडे तोंड करून निजले होते. गालांवर अशी तुकतुकीत लाली होती की बातिमाला क्षणभर वाटलं, हाक मारली तर उठून बसतील आणि विचारतील, "काय गं पोरी, चहा घेतलास का?" पण कोळशाच्या वायूनं मेलेला माणूस असाच दिसतो, जिवंतपणी नव्हता तितका टवटवीत. पोलीस तपासाच्या तीस वर्षांच्या नोकरीत तिनं अशी माणसं पुष्कळ पाहिली होती. भट्टीतला कोळसा पुरता जळण्याआधी ऊब टिकावी म्हणून कुणीतरी धुराड्याची झडप लावतं, आणि मग ते घर उठतच नाही.

ती माणसं गरिबाघरची असत. त्यांच्यासाठी एक ओळ लिहिली की काम भागायचं. हा म्हातारा मात्र जिल्ह्याच्या अकीमाचा, म्हणजे इथल्या सर्वेसर्वा अधिकाऱ्याचा, बाप होता. त्यामुळे शुक्रवारी सकाळी गुडघाभर बर्फातून सरकारी वकील तोलेगेन स्वतः आला होता.

"आपा, गुंता नकोय," तो बूट झटकत म्हणाला. गावात तिला सगळे आपा, म्हणजे ताई, म्हणत. "गडी तुरारनं काल सकाळी आठला भट्टी पेटवली, झडप लावली आणि मेंढरं घेऊन गेला. संध्याकाळी पाचला आला तर म्हातारा गेलेला. त्यानं सही केलीय."

"सही केली की करून घेतली?"

"तुमची ही जीभ!" तोलेगेन हसला. "दोन महिन्यांत पेन्शन ना तुमची? मग."

बातिमानं पंचनाम्याची वही उघडली. ती खोलीभर फिरली. तुरारनं आल्याआल्या दार-खिडकी उघडली होती, झडप उघडली होती, आणि तो घोड्यावर बसून बारा किलोमीटरवर फोन करायला गेला होता. दार रात्रभर सताड राहिल्यानं घरातलं सगळं गोठलं होतं. बुटक्या टेबलावर दोन प्याले होते. एक आजोबांच्या उशाच्या बाजूला, तळाशी दोन घोट उरलेला. दुसरा समोरच्या बाजूला. त्यातला दुधाचा चहा अगदी काठापर्यंत भरलेला, कुणी ओठही न लावलेला आणि दगडासारखा गोठलेला.

ती त्या प्याल्याकडे बघत उभी राहिली.

माणूस हवाहवासा असेल तर त्याला प्याल्यात दोन-तीन घोटच चहा द्यायचा. संपला की पुन्हा भरायचा, पुन्हा बोलायचं, तो बसेल तितकं बसू द्यायचं. काठोकाठ भरून दिला की त्याचा अर्थ तान्ह्या पोरालाही कळतो, एवढा पी आणि चालू लाग.

"हे लिहायला हवं," ती म्हणाली. "आठनंतर इथं कुणीतरी आलं होतं."

तोलेगेननं पंचनाम्याची वही तिच्या हातून अलगद काढून घेतली. "मी लिहितो. तुमचं अक्षर कुणाला लागत नाही." आणि त्यानं प्याल्याचा प सुद्धा लिहिला नाही.

तो आजोबांना उचलायला माणसं बोलवायला बाहेर गेला. बातिमानं डोक्याचा रुमाल सोडला, गोठलेल्या चहासकट तो प्याला त्यात गुंडाळला आणि कोटाच्या आत घातला. कायद्यात हे बसत नव्हतं. पण कायदा नुकताच बर्फात बाहेर गेला होता.

२

तुरारची बायको उल्मेकेन पोलीस ठाण्याच्या पायरीवर बसली होती. बातिमाला बघून ती उठली नाही. उठायचं बळच नव्हतं.

"बुधवारी त्याला शहराच्या तुरुंगात नेणार म्हणे, आपा. आजोबांच्या सातव्याचं जेवण झालं की."

"हो."

"तिथनं आलंय कुणी परत?"

खोटं बोलायची बातिमाला सवय नव्हती. तिनं विचारलं, "सकाळी प्याले कुणी धुतले होते?"

"तो धुतो. रोज. धुऊन पालथे घालतो, मगच निघतो." उल्मेकेननं नाक पुसलं. "आणि झडप? वीस वर्षं तो त्या घरात भट्टी पेटवतोय. कोळशावर निळी जीभ दिसते तोवर हात लावत नाही. मला ओरडतो, 'बये, घाई करशील तर दोघं जाऊ.' तो आजोबांना मारील? आजोबांनी तर त्याला झऱ्यावर राहू दिलं!"

झरा. सगळं पाणी तिथंच मुरत होतं. डोंगराच्या पायथ्याचं ते कुरण आणि त्यातला कधी न गोठणारा झरा कोझाबेक आजोबांच्या नावावर होता. चौदा धनगर कुटुंबं त्यावर हिवाळा काढत. गेल्या वर्षी तिथं एका खाणवाल्या कंपनीची नजर गेली, आणि राजधानीतल्या कुणा बड्याची त्या कंपनीवर मर्जी होती. आजोबांनी सही द्यायला नकार दिला. एवढंच नव्हे, तर गुरुवारी अकीमाच्या घरी राजधानीचा पाहुणा जेवायला येतोय असं कळल्यावर ते सगळ्यांना सांगत सुटले होते, "मी येतो त्या जेवणाला. सगळ्यांसमोर विचारतो त्याला, पाणी कुणाच्या बापाचं?"

गुरुवारी दुपारी दोनला जेवण झालं. आजोबा आले नाहीत. ते त्याच्या आधीच, डॉक्टरच्या मते अकरा ते एकच्या दरम्यान, गेले होते.

आता ते कुरण थोरल्या मुलाच्या, म्हणजे अकीम येरसाईनच्या, नावावर होणार होतं.

बातिमा आपल्या घरी आली. एकटीपुरती शेवयांची पेज केली, रेडिओ लावला आणि निवेदकाच्या "शुभ संध्याकाळ"ला नेहमीसारखं उत्तर दिलं. नवरा जाऊन सहा वर्षं झाली होती. लेक दूरच्या शहरात, सणाला फोन करायची. पाच वर्षांपूर्वी बातिमानं मागच्या अकीमाच्या भाच्याला खुनासाठी आत टाकलं. तेव्हापासून गावात तिच्याशी कुणी भांडलं नाही की वाईट बोललं नाही, फक्त बोलावणं बंद झालं. बारसं नाही, लग्न नाही, साधा चहा नाही. लोक रस्त्याच्या पलीकडून मान हलवत. वाईट माणसाला वाळीत टाकायला गावाला धैर्य लागतं, चांगल्याला टाकायला काहीच लागत नाही, हे तिला पन्नाशीनंतर कळलं.

प्याल्यातला गोठलेला चहा वितळला होता. तिनं प्याला बशीत ओतला. आत, काठाच्या अगदी लगत, दुधाची पिवळी रेघ राहिली होती.

३

अकीम येरसाईन बावन्न वर्षांचा होता आणि दुःखातही नीटनेटका होता. त्यानं उठून बातिमाचा हात दोन्ही हातांत घेतला.

"आपा, तुम्ही आलात. बरं वाटलं. माझ्या बापाला तुम्ही मान द्यायचात."

त्याच्या सेक्रेटरीनं चहा आणला. बातिमाचा प्याला काठोकाठ भरलेला होता. तिला याची सवय होती. तिनं तो उचललाही नाही.

भिंतीवर मोठा फोटो होता, अख्ख्या जिल्ह्याला पाठ असलेला. एका मेजवानीत मेंढराचं शिजवलेलं डोकं ताटात पुढं आलंय आणि येरसाईन छातीवर हात ठेवून ते परत सरकवतोय. बाप हयात आहे तोवर लेकानं डोकं कापायला सुरी धरायची नाही, तो मान बापाचा. चालीरीत सगळेच पाळतात, पण येरसाईन ती पाळताना फोटो निघत. अकरा वर्षं प्रत्येक जेवणात तो तेच वाक्य म्हणायचा, "मी अकीम असेन तुमचा, पण माझा बाप जिवंत आहे." आणि म्हाताऱ्यांचे डोळे भरून यायचे.

"गुरुवारी सकाळी तुम्ही कुठं होतात?" बातिमानं विचारलं.

"घरी. पाहुण्याची तयारी. बायकोला विचारा. दोनपासून तर बारा माणसं साक्षीला आहेत." तो थांबला. "आपा, मला माहीत आहे लोक काय बोलतात. बापाचं आणि माझं पटत नव्हतं. कुठल्या घरात पटतं? पण तुम्हाला खरंच शोधायचं असेल तर निग्मेतला विचारा. बापाचा घोडा चोरून विकला त्यानं. दोन वर्षं बाप त्याचं तोंड बघत नव्हता."

"धाकट्या भावाला अडकवताय?"

"मी कुणाला अडकवत नाही. तुरारनं कबूल केलंय. मी फक्त बाप गेल्याचं दुःख करतोय." त्यानं घड्याळ बघितलं. "चहा घ्या ना."

बातिमा दाराशी पोचली तेव्हा तो मागून म्हणाला, "तुमच्या लेकीची बदली अडलीय ना कुठंशी? मला बोलायचं होतं तुम्ही. आपल्या माणसांसाठी नाही करणार तर कुणासाठी?"

लेकीच्या बदलीचं तिनं या गावात कुणालाच सांगितलं नव्हतं.

४

शारिप मास्तर त्या बारा माणसांतले सगळ्यांत वडील. येरसाईनला त्यांनीच बाराखडी शिकवली होती. त्यांच्या घरी बातिमाला खुर्ची मिळाली, चहा मिळाला, तोही काठोकाठ. मास्तरांच्या बायकोनं तो ठेवताना मान वर केली नाही.

"मी काय सांगणार, बातिमा? जेवण झालं. छान झालं."

"आजोबा आले नाहीत याचं कुणाला काही वाटलं नाही?"

"येरसाईन म्हणाला, त्यांना बरं नाही."

"आणि?"

"आणि काय! पाहुणा हसरा होता. येरसाईनला सगळ्या प्रांताचा कारभार मिळणार असं सुचवत होता." मास्तर थोडा वेळ गुडघे चोळत बसले. मग त्यांना राहवलं नाही. म्हाताऱ्या माणसाला सगळं पचतं, फक्त अपमान पचत नाही. "मोठेपणा चढलाय बघ पोराला. डोकं आलं, पाहुण्यापुढं ठेवलं. पाहुणा रीतभात जाणणारा निघाला, म्हणाला, 'माफ करा, माझे वडील आहेत.' परत सरकवलं. आता ते कुणाकडं यायला हवं? पंक्तीतला वडील मी! पण यानं मला विचारलंसुद्धा नाही. सुरी उचलली नि कापायला लागला. कानाचा तुकडा माझ्या हातावर ठेवला, भीक घालावी तसा."

"तुम्ही काही म्हणालात?"

"सत्तेपुढं शहाणपण चालतं होय?" मास्तरांचा आवाज पडला. "माझा नातू त्याच्या कचेरीत आहे. बाराजण होतो आम्ही. सगळ्यांनी बघितलं. अळीमिळी गुपचिळी. सगळ्यांनी खाल्लं."

बातिमाला त्या उन्मत्तपणाची चीड आली. पण उन्मत्तपणा हा काही गुन्हा नव्हे. तिनं चहा तसाच ठेवला आणि उठली. मास्तर दारापर्यंत आले, आणि बाहेर रस्त्यावर कुणी बघत नाही ना हे आधी पाहून मग त्यांनी दार उघडलं.

आता एकच माणूस उरला होता. त्या प्याल्याला सगळ्यांत शोभेल असा.

५

निग्मेत गावाबाहेर जुन्या गॅरेजमध्ये राहायचा. बातिमा गेली तेव्हा दुपारचे तीन वाजले होते आणि बाटली अर्धी झाली होती. त्यानं चहा विचारला नाही, सरळ व्होडकाचा पेला पुढं केला. गावात कुणीतरी तिला काहीतरी मनापासून देऊ केलं याचंच तिला इतकं बरं वाटलं की तिनं तो हातात धरला.

"अटक करायला आलात ना?" निग्मेत म्हणाला. "करा. थोरल्यानं नाव दिलं असेल माझं."

"गुरुवारी सकाळी आजोबांकडं गेला होतास?"

"कशाला जाऊ? दोन वर्षांत मी दोनदा गेलो. बापानं चहासुद्धा ओतला नाही. दार लावून घेतलं. घोडा विकला मी त्याचा, त्या घोड्यावर त्याचं माझ्याहून जास्त प्रेम होतं. बरोबरच होतं त्याचं. घोडा चांगला होता."

"मग कुठं होतास?"

"शेजारच्या गावात, लग्नात. सकाळपासून. मांस चिरायला मी लागतोच सगळ्यांना, बसायला नाही लागत." तो हसला, आणि हसता हसता त्याचा चेहरा वाकडा झाला. "आपा, ऐका ना. तीन वाजले असतील. चांगली चढली होती सगळ्यांना. त्या टवाळांनी डोकं आणून माझ्यापुढं ठेवलं. म्हणाले, 'निग्मेत, आज तू आमचा पाहुणा, काप!' थट्टा. मी छातीवर हात ठेवला, थोरल्यासारखा. असा. आणि म्हणालो, 'चालणार नाही गड्यांनो, माझा म्हातारा अजून जिवंत आहे. काय करू, मरतच नाही!' सगळे खो खो हसले."

त्यानं बाटली खाली ठेवली.

"तीन वाजता. तो दोन तासांपूर्वी मेला होता आणि मी म्हणत होतो, जिवंत आहे. मरत नाही म्हणत होतो. मला कसं कळणार, आपा? कळलं असतं तर..."

तो रडायला लागला. एवढा मोठा बाप्या, गॅरेजच्या फरशीवर, तेलाच्या डागांत. बातिमानं त्याच्या डोक्यावर हात ठेवला. ठेवला आणि तो तसाच राहिला.

कारण एकाच बापाचे दोन लेक होते. एकाच दुपारी दोघांपुढं डोकं आलं. ज्याला माहीत नव्हतं त्यानं ते परत सरकवलं.

आणि बापाच्या मरणाची बातमी गावात संध्याकाळी सहाला पोचली होती.

६

तिनं ते तोलेगेनला सांगून बघितलं. तो लक्षपूर्वक ऐकत होता, आणि तेच वाईट होतं.

"मेंढराचं डोकं," तो शेवटी म्हणाला. "न्यायाधीशापुढं मी मेंढराचं डोकं ठेवू? आपा, तो म्हणेल विसरलो. म्हणेल मी आधुनिक माणूस आहे."

"तू होतास त्या पंक्तीत. तू बघितलंस."

"मी जेवत होतो," तोलेगेन म्हणाला.

बुधवारी येरसाईनच्या घरी सातव्याचं जेवण होतं. अशा जेवणाला बोलावणं लागत नाही, म्हणून पाच वर्षांत पहिल्यांदा बातिमा गावच्या पंक्तीला गेली. दारात तुरारला न्यायची कैद्यांची गाडी उभी होती, शिपाई आत जेवायला बसले होते. जेवण आटोपलं की ती निघणार होती. उल्मेकेन गाडीच्या चाकाला टेकून उभी होती, जणू तिच्या अंगानं ते चाक अडणार होतं.

जेवणाचं कापड, दस्तरखान, लांबलचक पसरलं होतं. कुराण म्हणून झालं, मांस आलं, आणि डोकं शारिप मास्तरांपुढं ठेवलं गेलं. या वेळी रीत कुणी चुकवली नाही.

"मास्तर," बातिमा म्हणाली. "ते येरसाईनला द्या. आज त्याचा हक्क आहे."

सगळे तिच्याकडं बघायला लागले. येरसाईननं छातीवर हात ठेवला, सवयीनं. मग तो हात हळूच खाली घेतला.

"आज आहे," ती म्हणाली. "पण गुरुवारी दुपारी दोनला कुणी दिला होता? तेव्हा तुझा बाप जिवंत होता, असं हे सगळे समजत होते. निग्मेतसुद्धा तसंच समजत होता. त्यानं त्याच दुपारी डोक्याला हात लावला नाही. अकरा वर्षं तूही लावला नाहीस. मग त्याच दिवशी सुरी कशी उचललीस? या जिल्ह्यात त्या वेळी एकाच माणसाला ठाऊक होतं की तू पोरका झालायस. झडप ज्यानं लावली त्याला."

चमचा पडला कुणाचातरी.

"दुःखात वेड लागलंय आपांना," येरसाईन शांतपणे म्हणाला. "मी कापलं नाही. पाहुण्यानं कापलं. विचारा कुणालाही."

"पाहुण्यानंच," तोलेगेन लगेच म्हणाला.

बातिमानं एकेकाकडं बघितलं. गिरणीवाला, डॉक्टर, बँकेचा मॅनेजर, शाळांचा अधिकारी. प्रत्येकानं आपल्या ताटात काहीतरी हरवल्यासारखं शोधायला सुरुवात केली. तिला वाटलं, संपलं. तुरार जाणार. मी घरी जाऊन रेडिओला सांगणार.

"मी खाल्लं."

शारिप मास्तर बोलत होते.

"कानाचा तुकडा. याच्या हातचा. मला वाटलं, पोराला माज चढला. माज असता तर बरं झालं असतं." त्यांनी मान वर केली. "बाराखडी शिकवली मी तुला, येरसाईन. काय शिकवलं मी?"

"म्हातारे झालात तुम्ही, मास्तर. नातवाचा विचार करा."

"आयुष्यभर तोच केला," मास्तर म्हणाले.

पण एका म्हाताऱ्याची साक्ष ती किती! बाकी अकरा गप्प होते. बातिमानं कोटातून रुमाल काढला आणि रिकामा, धुतलेला प्याला दस्तरखानावर ठेवला.

"हा त्या घरात होता. पंचनाम्यात नाही. तोलेगेननं लिहिला नाही, मी कुणाला बोलले नाही. तुरार धुऊन, पालथा घालून गेला होता. म्हणजे त्यानंतर आजोबांनी कुणालातरी चहा दिला." तिनं येरसाईनकडं बघितलं नाही, प्याल्याकडंच बघत राहिली. "मला एवढंच बरं वाटतं की म्हातारा शेवटी एकटा नव्हता. समोर कुणी मायेचं माणूस असणार. दोन घोट ओतला, पुन्हा ओतला, थांब म्हणाला, बस म्हणाला..."

"माया?"

येरसाईन उभा राहिला होता. त्याचा नीटनेटका चेहरा ओळखू येत नव्हता.

"माया? काठोकाठ भरला त्यानं! स्वतःच्या मुलाला! पोस्टमनला नाही देत कुणी असा. अकरा वर्षं मी त्याच्या नावानं मान खाली घातली, सगळ्यांसमोर, आणि त्यानं काठोकाठ भरून पुढं सरकवला आणि भिंतीकडं तोंड केलं. एक शब्द नाही! जा, एवढंसुद्धा तोंडानं म्हणाला नाही!"

मग त्याला ऐकू आलं, आपण काय बोललो ते.

तो सावकाश खाली बसला. लहान आवाजात तो बोलायला लागला. बातिमाशी नव्हे, समोरच्या ताटाशी.

"झडप लावून मी गाडीत बसून होतो. बाहेर. एकला शेवटचं आत बघितलं. दोनदा दारापर्यंत जाऊन आलो, मास्तर. दोनदा. मग प्रांताचं आठवायचं."

७

तुरार त्याच दिवशी सुटला. कैद्यांची गाडी रिकामी जाणार नव्हती, तिनं येरसाईनला नेलं. शहरात त्याचं काय झालं, किती वर्षांची शिक्षा झाली, कुणाचा फोन आला नि किती कमी झाली, तो वेगळा विषय आहे आणि तो या गावात कुणी काढत नाही.

महिन्याभरात नवा अकीम नेमला गेला. तोलेगेन. त्याच्या पहिल्या मेजवानीत डोकं पुढं आलं, त्यानं छातीवर हात ठेवला, म्हणाला, "माझे वडील हयात आहेत." फोटो निघाला. पंक्तीला तेच अकराजण होते, शारिप मास्तरांची जागा तेवढी दुसऱ्यानं घेतली होती. मास्तरांच्या नातवाला कचेरीतून काढलं. खाणवाल्यांची माणसं पुन्हा येऊन झऱ्याचा फोटो काढून गेली. आता तो निग्मेतच्या नावावर होता, आणि निग्मेतनं दारू सोडली होती, निदान कुणाला त्याची सही उकळता येऊ नये इतपत तरी. किती दिवस टिकेल, कुणी सांगावं.

बातिमाची पेन्शन ठरल्या दिवशी सुरू झाली. लेकीची बदली मात्र झाली नाही. तिनं फोनवर लेकीला सगळं सांगितलं. लेक म्हणाली, "बरं केलंस, आई." म्हणाली खरी, पण त्यात थकवा होता, आणि तो बातिमाला रात्रभर ऐकू येत राहिला. येरसाईन राक्षस असता तर सोपं होतं, असं तिला वाटायचं. तो राक्षस नव्हता. त्याला बापानं दिलेल्या चहाचं दुःख झालं होतं. आणि तोलेगेनही राक्षस नव्हता, तो फक्त जेवत होता. अशी जेवणारी माणसं पुढच्या मेजवानीला, त्याच्याही पुढच्या मेजवानीला बसलेली असणार, आणि त्यांची पोरं त्यांच्याकडं बघून जेवायला शिकत असणार. या विचारानं तिला आपल्या एकटेपणापेक्षा जास्त एकटं वाटायचं.

मार्चात बर्फ वितळायला लागला तेव्हा तुरार घोडागाडी घेऊन दारात आला. "बायको म्हणाली, घेऊन ये. हिवाळ्यात मेंढी कापली तेव्हा तुमचा वाटा काढून ठेवलाय. खारवून. तुम्ही आल्याशिवाय ती कुणाला हात लावू देत नाही. आम्हीसुद्धा वाट बघून दमलो."

झऱ्याकाठच्या तुरारच्या घरात भट्टी पेटलेली होती आणि झडप उघडी होती. उल्मेकेननं मांस पुढं ठेवलं. पोटाजवळची चांगली फासळी, पाच वर्षांत बातिमासाठी कुणी राखून ठेवलेली पहिली. मग तिनं चहाची किटली उचलली.

बातिमानं सवयीनं नजर खाली केली. प्याला पुढं आला.

तळाशी दोन घोट चहा होता.

"एवढाच?" बातिमा म्हणाली, आणि तिनं प्याला दोन्ही हातांत धरला.

"एवढाच," उल्मेकेन म्हणाली. "घाई आहे का तुम्हाला कुठं जायची?"